चित्र की इमारत, ते नंतर ठरवा. आधी जोड बघा

नाशिकला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: प्रबंधाला विषय घेतलाय तो अमूर्त चित्रकला, मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) आणि वास्तुकला या तिन्हींत वावरणाऱ्या आजच्या युरोपीय कलाकारांचा. यादीत गेरहार्ड रिश्टर, दानिएल ब्युरेन, काथारीना ग्रोस्से, ओलाफर एलियासन, टोबियास रेबेर्गर आहेत. गाइड विचारतात, "यात आर्किटेक्चर कुठाय?" विद्यार्थ्याला स्वतःलाही मधूनच वाटतं की ही सगळी महागडी रंगरंगोटी आहे. त्यात युरोपला जाणं परवडणारं नाही. मग नुसत्या फोटोंवरून लिहिलं तर चालेल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण गाडी अडलीय एकाच ठिकाणी. तुम्ही माणसांची वाटणी करायला बसलात: हा चित्रकार, ही शिल्पकार, तो अर्धा आर्किटेक्ट. त्या वाटेने गेलात तर प्रबंध म्हणजे चरित्रांची माळ होईल आणि गाइडचा प्रश्न तसाच उभा राहील. वाटणी माणसांची नको. एकेक काम घ्या आणि त्याने त्या इमारतीचं नेमकं काय केलं ते विचारा.

मी बरीच वर्षं जर्मनीत प्रदर्शनांच्या उभारणीचं काम करते. शिक्षण तुमचंच, आर्किटेक्चरचं. रोजचं काम मात्र दुसऱ्यांच्या कलाकृती भिंतीला, छताला, जमिनीला टिकवून धरण्याचं. आमच्या पहिल्या बैठकीत 'हे चित्र की शिल्प' असं कुणीही विचारत नाही. हे कशाला टेकणार, वजन कुणावर, पाणी कुठे जाणार, आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडणार, आणि सगळं उतरवल्यावर भिंत पूर्ववत कोण करून देणार, हे विचारतात. माझं उत्तर त्या टेबलावरून येतंय. कलासमीक्षकाने वेगळं दिलं असतं आणि तेही खोटं नसतं.

माझी पद्धत एका ओळीत: काम आणि इमारत एकमेकांना भेटतात तो जोड शोधा. आपल्याकडे दाराची चौकट आणि गिलावा भेटतो तिथे मिस्त्री ग्रूव्ह मारतो, कारण लाकूड आणि गिलावा वेगवेगळे हलतात, आणि ग्रूव्ह नसला की तडा ठरलेला. या कलाकारांच्या कामातही दोन वेगळ्या गोष्टी भेटत असतात. तो जोड त्यांनी झाकला, उघडा केला, नाकारला, की तिथेच भांडण लावून दिलं, एवढं तुम्हाला चित्र काढून दाखवता आलं तर 'आर्किटेक्चर कुठाय' याला वेगळं उत्तर द्यावं लागणार नाही.

सुरुवात व्हेनिसपासून करा. तिथल्या द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या बागेत अनेक देशांची स्वतःची कायमची दालनं आहेत, म्हणजे छोट्या इमारतीच. एकाच इमारतीशी वेगवेगळे कलाकार कसे वागले हे तिथे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. जर्मनीचं दालन मुळात १९०९ चं. १९३८ मध्ये नाझी राजवटीने ते बदलून उंच, कोरडं, चौकोनी खांबांचं करून टाकलं. १९९३ मध्ये हान्स हाके यांनी आतली फरशी फोडली. बघायला आलेल्याला तुकड्यांवरून तोल सावरत चालावं लागायचं आणि पावलागणिक खडखडाट व्हायचा. २०२२ मध्ये मारिया आइशहॉर्न यांनी त्याच दालनात भिंतीवरचा गिलावा खरवडला आणि १९०९ चं बांधकाम कुठे संपतं, १९३८ चं कुठे चढवलंय, ती रेघ उघडी केली. जमीन खणून पाया दाखवला. बाहेरून आणून मांडलेली वस्तू नाही. भिंत आणि खड्डा, बस्स. आइशहॉर्न यांना अमूर्त चित्रकार कुणी म्हणणार नाही, म्हणून तुमच्या यादीत त्या नाहीत. पण जोड कसा वाचायचा हे शिकायला याहून चांगला धडा नाही, कारण इथे जोडच कलाकृती आहे.

त्याच बागेत ऑस्ट्रियाचं दालन आहे, योझेफ हॉफमान यांनी १९३४ मध्ये बांधलेलं. २०१५ मध्ये हाइमो त्सोबेर्निग यांनी तिथे काळं छत खाली आणलं, त्यामागे हॉफमानच्या कमानी गेल्या. खालीही काळी जमीन घातली, त्यामुळे पातळ्यांमधला फरक नाहीसा झाला. मागच्या अंगणात झाडं लावली. आमच्या भाषेत सांगायचं तर एक फॉल्स सिलिंग आणि एक उचललेली जमीन. कुठल्याही ऑफिसात हेच करतात. पण ऑफिसात फॉल्स सिलिंग वायरिंग आणि डक्ट झाकतं. इथे ते एका थोर वास्तुविशारदाचं मत झाकतं, आणि उरते ती दोन काळ्या पातळ्यांमधली आडवी जागा आणि तिच्यात येणारा बाहेरचा उजेड. ज्यांना ही अमूर्त कला वाटत नाही त्यांनी या दालनाचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून बघावा. दोन जाड काळ्या पट्ट्या आणि मधला पांढरा पट्टा, एवढंच कागदावर येतं.

आणि २००७ चं पोलंडचं दालन. मोनिका सोस्नोव्स्का यांनी साठच्या दशकातल्या साध्या आधुनिक इमारतीसारखा लोखंडी सांगाडा केला, पण दालनात मावणार नाही एवढा. मग तो वाकवून, मुरगळून आत बसवला. नाव ठेवलं '१:१'. एका इमारतीत दुसरी इमारत कोंबलेली, आणि दोघींपैकी कुणीच मागे हटलेलं नाही. लोकांना हे उत्स्फूर्त वाटतं. लोखंडाचं काम केलेल्या कुणालाही विचारा: कुठली तुळई कुठे दुमडायची, तुकडे दारातून आत कसे न्यायचे, आत जोडायचे कुठे, हे आधी बसून ठरवल्याशिवाय असा 'अपघात' होत नाही. तुमच्या प्रबंधात सोस्नोव्स्का नाहीत हे मला खटकलं. त्यांना घ्याच.

आता तुमच्या यादीतली नावं. गेरहार्ड रिश्टर यांची कोलोन कॅथेड्रलमधली खिडकी (२००७) तुम्ही 'वास्तूतलं अमूर्त चित्र' म्हणून घेतली असणार. ते बरोबर आहे, पण तपशील त्याहून मजेदार आहे. जुनी खिडकी दुसऱ्या महायुद्धात गेली. नंतर बसवलेली काच फिकी होती आणि दक्षिणेचा उजेड आत फार येई. चर्चला विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांची चित्रं हवी होती. रिश्टर यांनी ७२ रंगांचे, ९.६ सेंटिमीटर बाजूचे चौकोन घेतले, ११,००० हून जास्त. कुठला रंग कुठे, हे संगणकाने यदृच्छेने ठरवलं. मग काही पट्टे आरशातल्यासारखे उलटवून परत वापरले. रंग मात्र मनाचे नाहीत, कॅथेड्रलच्या जुन्या खिडक्यांत जे रंग आहेत त्यांच्याशी जुळवलेले आहेत.

आता जोडाकडे या. पारंपरिक रंगीत काचेत प्रत्येक तुकड्याभोवती शिशाची पट्टी असते. ती पट्टी आधार देते आणि रेषाही काढते. संताचा चेहरा, कपड्याची चुणी, सगळं तिच्यावर उभं असतं. रिश्टर यांच्या चौकोनांमध्ये शिसं नाही. रंगीत काच मागच्या काचेच्या तावदानाला सिलिकॉनने चिकटवलीय. एक बांधकामाचा तपशील बदलला आणि चित्रातली रेषाच गेली. उरली ती दगडी चौकटीची गॉथिक नक्षी. म्हणजे आकार काढायचं काम आता इमारत करते आणि चित्र फक्त रंग पुरवतं. गाइडला हे एवढं एक चित्र काढून दाखवलंत तरी पुरे. (त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल माइस्नर उद्घाटनाला आले नाहीत, ही खिडकी मशिदीत जास्त शोभेल असं ते म्हणाले. टीका म्हणून बोलले, पण खिडकीत माणसाची आकृती नाही हे त्यांनी अचूक हेरलं होतं.) तुलनेला फ्रान्समधल्या रँसच्या कॅथेड्रलमधल्या इमी क्नोबेल यांच्या खिडक्या बघा, २०११ आणि २०१५ च्या. तिथे तुकडे धारदार, वाकडेतिकडे, आणि शेजारीच चित्रकार मार्क शागाल यांच्या १९७४ च्या खिडक्या. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफांनी हे कॅथेड्रल फोडलं होतं, आणि क्नोबेल जर्मन. तिथला जोड फक्त काचेचा नाही.

दानिएल ब्युरेन यांच्यावर मी सगळ्यात जास्त पानं खर्च करेन. पॅरिसच्या पाले-रोयालच्या अंगणात त्यांनी १९८५-८६ मध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे २६० अष्टकोनी खांब उभे केले. पट्टा ८.७ सेंटिमीटर रुंद. साठच्या दशकापासून ते तोच पट्टा वापरत आलेत. फोटोत दिसतात ते कमी-जास्त उंचीचे बुटके खांब, त्यावर बसलेली पोरं आणि पर्यटक. फोटोत जे येत नाही ते कामाच्या नावात आहे: दोन पातळ्या. अंगणाच्या जमिनीखाली आणखी एक तळ आहे, तिथे पाणी वाहतं. जाळीतून ते दिसतं आणि ऐकूही येतं. काही खांब त्या खालच्या तळापासून निघून वर येतात. खांबांच्या ओळी भोवतीच्या जुन्या कमानखांबांच्या शिस्तीत बसवल्यात. थोडक्यात, इथे जमीन हीच रचना आहे. खांब म्हणजे तिची उंची मोजायच्या पट्ट्या. आधी तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहायच्या, तरी 'ऐतिहासिक अंगण बिघडवलं' म्हणून पॅरिसमध्ये केवढा गदारोळ झाला. १९८६ मध्ये सरकार बदललं, काम थांबवून पाडायची भाषा सुरू झाली. ते वाचलं त्यात फ्रेंच कायद्यातल्या कलाकाराच्या नैतिक हक्काचा (काम दुसऱ्याच्या मालकीचं असलं तरी ते मोडू-बिघडवू न देण्याचा हक्क) मोठा वाटा होता.

पुढचा भाग आमच्या धंद्यातल्या माणसाला जास्त महत्त्वाचा वाटतो. वीस वर्षांत खालचं पाणी बंद पडलं, दिवे गेले. शासन काम मरू देतंय, अशी जाहीर तक्रार ब्युरेन यांनी केली. मग दुरुस्ती होऊन जानेवारी २०१० मध्ये ते पुन्हा खुलं झालं. पाणी बंद पडल्यावर नावातली दुसरी पातळी नुसता अंधारा खड्डा होते. म्हणजे पंप हा या कलाकृतीचा भाग आहे. कुठल्याही कायमच्या कामाबद्दल लिहिताना हे विचारा: देखभाल कुणाकडे आहे, आणि ती थांबली तर कामातलं आधी काय मरतं?

गाइडना भारतीय संदर्भ हवा असेल तर नैतिक हक्काचा धागा इथे जोडता येईल. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ त्याचंच आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं, आणि त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला.

'रंगरंगोटी'ची शंका येते ती बहुधा ग्रोस्से यांच्यामुळे, आणि शंका रास्त आहे. त्या कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन घेऊन भिंत, जमीन, माती, फर्निचर, जे समोर येईल त्यावर रंग मारतात. मग घर रंगवणाऱ्यात आणि त्यांच्यात फरक काय? कडा बघा. रंगारी चौकटीला मास्किंग टेप लावतो, स्कर्टिंगपाशी थांबतो, छताचा रंग भिंतीवर उतरू देत नाही. सजावट इमारतीच्या कडा मान्य करते, नव्हे, ठळक करते. ग्रोस्से कडा मानतच नाहीत. १९९८ मध्ये बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनात त्यांनी भिंती आणि छत मिळतात त्या वरच्या कोपऱ्यावर गर्द हिरवा फवारा मारला. त्या हिरव्याच्या आत कोपरा कुठे वळतो ते डोळ्याला पटकन कळत नाही. २०२० मध्ये बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफमध्ये, म्हणजे जुन्या रेल्वे स्टेशनातल्या संग्रहालयात, थर्माकोलच्या प्रचंड कापलेल्या खडकांवरून रंग जमिनीवर उतरला आणि तसाच इमारतीबाहेर जाऊन मागच्या रीकहालेन या हॉलच्या भिंतीवर चढला. त्या हॉलवर तेव्हा पाडकामाची टांगती तलवार होती. २०२५ मध्ये बाझेलच्या मेस्सेप्लात्स चौकात सुमारे ५,००० चौरस मीटरवर मॅजेन्टा. तिथे इमारत आणि फरसबंदी यांतला जोडच रंगाने गिळला.

फवाऱ्याबद्दल एक गोष्ट फक्त उभारणीवाल्यालाच दिसते. रंगाचा बारीक तुषार हवेत तरंगतो आणि जिथे नको तिथे जाऊन बसतो. म्हणून आधी एअर कंडिशनिंगच्या जाळ्या बंद करायच्या, शेजारच्या दालनांची दारं प्लास्टिकने सील करायची, धुराचे सेन्सर झाकायचे आणि त्याची परवानगी अग्निशमनवाल्यांकडून आधी लेखी घ्यायची. म्हणजे कडा न मानणारं चित्र काढायला इमारतीची प्रत्येक कड आधी माहीत असावी लागते. ही यादी प्रबंधात घाला, कुणी घालत नाही.

उरलेल्यांवर थोडक्यात. रेबेर्गर यांचा ओबरहाउझेनचा पूल (२०११) ४०६ मीटर लांब, भोवती अॅल्युमिनियमच्या सर्पिलाचे ४९६ वेढे. बघणाऱ्याला वाटतं, वेढ्यांनीच पूल धरलाय. प्रत्यक्षात भार ताणलेल्या पोलादी पट्ट्यांवर आहे. हिशेब श्लाइश बेर्गरमान या अभियंत्यांचा. सेक्शन काढून भार कुठून जातो ते लाल रेघेने दाखवा, चित्र आणि रचना आपोआप वेगळी होतील. एलियासन यांची ऑर्हूसच्या आरोस संग्रहालयाच्या गच्चीवरची रंगीत काचेची गोल वाट (२०११) सुंदर आहे, पण तिच्यावर इतकं छापलं गेलंय की नवं सांगायला फार खोदावं लागेल; मी असते तर तळटीपेत टाकली असती. अनिश कपूर यादीत हवेत, मुंबईत जन्मलेले म्हणून नव्हे, तर 'कोपऱ्यात मारा' या अर्थाचं त्यांचं काम २०१०-११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत लागलं होतं म्हणून. तोफेतून लाल मेणाचे गोळे दोन भिंतींच्या कोपऱ्यावर. तुमच्या प्राध्यापकांपैकी कुणी ना कुणी ते पाहिलेलं असेल, जाऊन विचारा. ग्रोस्से यांच्या हिरव्या कोपऱ्याशेजारी तो लाल कोपरा ठेवलात तर एक प्रकरण तिथेच तयार होतं.

"यात नवं काय, हे तर शंभर वर्षांपूर्वी झालं" असं गाइड म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. एल लिसित्स्की यांनी १९२७-२८ मध्ये हानोफरच्या संग्रहालयात एक खोली केली; भिंतीवर उभ्या पातळ पट्ट्या, एका बाजूने काळ्या, दुसऱ्या बाजूने पांढऱ्या, त्यामुळे चालणाऱ्यागणिक भिंतीचा रंग बदलायचा. नाझींनी ती मोडली. आज श्प्रेंगेल संग्रहालयात तिची पुनर्रचना आहे. १९२८ मध्ये स्ट्रासबुर्गच्या ओबेत कॅफेत व्हान डूसबुर्ख, सोफी टॉइबर-आर्प आणि हान्स आर्प यांनी अख्खी दालनं अमूर्त चित्रांसारखी रंगवली; गिऱ्हाइकांना ती रुचली नाहीत आणि दहाएक वर्षांत झाकली गेली. फरक एवढाच मांडा: त्या पिढीला अमूर्त कलेतून नवी इमारत घडवायची होती, आजच्यांना आधीच उभी असलेली इमारत मिळते आणि ते तिच्याशी वाद घालतात. हे सरसकट खरं नाही, रेबेर्गरचा पूल नवाच आहे. पण प्रबंधाचा कणा म्हणून चालेल.

आता फोटोंचं. नुसत्या फोटोंवरून लिहू नका, फोटोंवरून ड्रॉइंग काढा आणि त्यावर लिहा. फेलिचे वारिनी यांचं फ्रान्समधल्या कार्कासॉनचं २०१८ चं काम आठवा: किल्ल्याच्या तटावर आणि बुरुजांवर पिवळी वर्तुळं, एका जागेवरून पूर्ण जुळणारी, दोन पावलं सरकलात की फुटणारी. छापून आलेले बहुतेक फोटो त्या एका जागेवरचे. खरं काम म्हणजे दगडावर चिकटवलेला अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि तो काढल्यावर मागे राहिलेले पिवळे डाग, ज्यावरून गावात खूप आरडाओरडा झाला. म्हणून देखणे फोटो बाजूला ठेवा. पर्यटकांचे हललेले व्हिडिओ, पावसातले फोटो, उभारणीचे आणि दुरुस्तीचे फोटो शोधा. खोललेल्या कामाच्या फोटोत जे दिसतं ते कॅटलॉगमध्ये कधीच नसतं. पाले-रोयालच्या दुरुस्तीच्या बातम्या त्यासाठीच बघायच्या. मग प्लॅन आणि सेक्शन १:५० च्या प्रमाणात काढा, माणूस घालून. जोड १:५ ला. जे दिसत नाही ते तुटक रेघेने काढून बाजूला 'गृहीत' असं लिहा. परीक्षकाला खोट्या ठाम रेघेपेक्षा प्रामाणिक तुटक रेघ चालते, हे मी दोन्ही देशांत पाहिलंय.

किती कामं घ्यायची हे तुमच्याकडे वेळ किती आहे त्यावर. एका सत्रात होण्यासारखी माझी निवड: जर्मन दालन, पाले-रोयाल आणि ग्रोस्से यांचं एखादं तात्पुरतं काम. एकात जोड उघडा, एकात जमिनीखाली, एकात रंगाखाली. रिश्टर यांची खिडकी प्रस्तावनेत उदाहरण म्हणून येऊ दे.

शेवटी हक्कांचं बघून ठेवा. प्रबंध कॉलेजपुरता असेल तर अडचण सहसा येत नाही, पण पुढे तो छापायचा विचार असेल तर या सगळ्यांच्या कामांवर कॉपीराइट आहे आणि फोटोग्राफरचा हक्क त्याहून वेगळा. फ्रान्समध्ये सार्वजनिक जागेतल्या कामाचे फोटो छापणंही आपल्याकडच्याइतकं मोकळं नाही. लिओंच्या तेरो चौकातल्या ब्युरेन यांच्या कामाच्या पोस्टकार्डांवरून प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयात गेलं होतं. तुमची स्वतःची ड्रॉइंग्ज असतील तर बराचसा ताप वाचेल. पाले-रोयालचा सेक्शन आधी काढा. खालचा तळ किती खोल दाखवायचा यावर अडलात तर ड्रॉइंग इथेच टाका, मी बघून सांगते.